दाराचा ताळेबंद

नवे घर दाखवायला निघालेला माणूस पाहुण्याला सर्वांत आधी दारापाशी थांबवतो. दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर हे सारे पुढे पाहायचे असते, पण त्याचा हात आधी दाराच्या मुठीवरून फिरतो. यवतमाळच्या दारव्हा रोडला, आर्णी रोडला, धामणगाव रोडला ज्या नव्या वसाहती उभ्या राहत आहेत, तेथे या मुठीमागचे दार अनेकदा सागाचे नसते. राखी किंवा काळ्या रंगाची चौकट, मध्ये रुंद काच आणि एका बोटाने ढकलले तरी उघडणारे ॲल्युमिनियमचे कवाड असे त्याचे रूप असते. त्या रूपासोबत एक विशेषणही येते : ऊर्जाबचत करणारे. विशेषणाची किंमत मोजली जाते, हिशेब मात्र क्वचितच मागितला जातो. व्यापारी घराण्यांच्या बाबतीत हे नवलच म्हणावे लागेल. कापसात ओलावा किती, हे हात घालून पाहिल्याशिवाय भाव न बोलणारी माणसे दार मात्र छायाचित्र पाहून पसंत करतात.

दाराचा हिशेब मांडायचा तर आधी जुन्या दारापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. वणी, पांढरकवडा, दिग्रस, पुसद, दारव्हा या पेठांतील जुन्या व्यापारी घरांची मांडणी परिचयाची आहे. रस्त्याला लागून ओटा आणि दुकान, त्यामागे ओसरी, मग चौक आणि शेवटी माजघर. दुकानाला फळ्यांची कवाडे असत. प्रत्येक फळीवर तिचा अंक असे. सकाळी त्या एकामागून एक काढायच्या आणि रात्री दुकान वाढवताना त्याच क्रमाने खोबणीत बसवायच्या. घराचे दार सागवानी, दीड-दोन इंच जाड फळ्यांचे, बाहेरून कडी-कोयंडा आणि आतून अडसर असलेले. सागासाठी फार लांब जावे लागत नसे. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांची जंगले आजही मुख्यतः सागाचीच आहेत. लाकूड जिल्ह्यातले आणि सुतार गावातला. त्यामुळे दार बिघडले तर दुरुस्तीही गावातच होई.

त्या दारावरून घराची पत कळत असे, पण ती केवळ त्यावरच्या कोरीव कामाने नव्हे. दार सकाळी किती लवकर उघडते, दुपारी आलेल्या कास्तकाराला ओसरीवर बसायला जागा आणि प्यायला पाणी मिळते की नाही, यावरून पेठ आपले मत बनवीत असे. या गोष्टींची नोंद कोणत्याही वहीत होत नव्हती. तरीही व्यवहार त्यांच्यावर चालत असे.

उन्हाळ्याशी त्या दाराचे नाते कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. अशा दिवसांत जुने घर सुसह्य राहत असे, त्याचे श्रेय सर्वसाधारणपणे सागाला दिले जाते. साग त्याचा मानकरी आहेच, पण एकटा नाही. त्या दारावर ऊनच पडत नसे. दारापुढे ओसरी असे, ओसरीपुढे उतरते कौलारू छप्पर असे आणि काही ठिकाणी त्याच्या वळचणीला तट्ट्याचा पडदाही असे. सूर्य दारापर्यंत पोहोचण्याआधीच त्याला तीन ठिकाणी अडवलेले असे. नव्या घराने ओसरी काढून टाकली, दार थेट उन्हात आणून उभे केले आणि नंतर उन्हाला तोंड देणारे दार बाजारात शोधायला सुरुवात केली. प्रश्नाची खरी सुरुवात येथे होते.

आता ज्या धातूकडून ही अपेक्षा केली जाते, त्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. ॲल्युमिनियम ही मानवाच्या हाती फार उशिरा आलेली धातू. भूपृष्ठावर कोणत्याही धातूपेक्षा ती अधिक आहे, पण ऑक्सिजनशी ती इतकी घट्ट बांधलेली असते की तिला वेगळे काढणे दीर्घकाळ कोणालाच परवडत नव्हते. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटासा मुकुट बसवण्यात आला, कारण त्या काळी ती मौल्यवान धातू समजली जाई. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरूल्ट या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने ती वेगळी करण्याची एकच रीत शोधून काढली. तेव्हापासून ती स्वस्त होत गेली आणि भांड्यांपासून विमानांपर्यंत सर्वत्र पोहोचली. आजही जगभर तीच रीत वापरली जाते.

ही धातू हलकी आहे, गंजून झडत नाही, साच्यातून हवी तशी काढता येते. दारे-खिडक्यांसाठी बहुधा ६०६३ क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. मात्र उष्णतेच्या बाबतीत तिचा स्वभाव दाराला अनुकूल नाही. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम सागाच्या हजार पटींहून अधिक तत्पर आहे. स्वयंपाकघरात पातेल्यासाठी हा गुण आहे. चौकटीसाठी तोच दोष ठरतो. बाहेरची बाजू तापली की आतली बाजू जवळजवळ लगेच तापते. साध्या ॲल्युमिनियमच्या दाराला ऊर्जाबचत करणारे म्हणणे म्हणजे गळक्या रांजणाला पाणी वाचवणारा म्हणण्यासारखे आहे.

यावर तंत्रज्ञांनी उपाय काढला तो असा : चौकट एका तुकड्याची न ठेवता तिचे दोन भाग करायचे, एक बाहेरचा आणि एक आतला, आणि दोन्हींच्या मध्ये काचतंतू मिसळलेल्या पॉलिअमाइडची पट्टी घट्ट बसवायची. ही पट्टी उष्णतेला फारशी वाट देत नाही. यालाच बाजारात थर्मल ब्रेक म्हणतात. काचही एकाऐवजी दोन थरांची, मध्ये बंदिस्त हवा किंवा वायू ठेवून बसवतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोपात इंधन वाचवण्याची निकड निर्माण झाली, पश्चिम जर्मनीत १९७७ मध्ये इमारतींतील उष्णता राखण्याचे नियम लागू झाले आणि अशा चौकटींचा प्रसार झाला. तेथे हे योग्यच होते. बाहेर शून्याखाली पाच आणि आत वीस अंश अशी स्थिती महिनोन्महिने, रात्रंदिवस राहते. शिवाय साध्या धातूच्या थंड चौकटीवर आतून पाणी धरते आणि बुरशी येते. ज्या दुखण्यासाठी हे औषध तयार झाले, ते दुखणे यवतमाळचे नाही. म्हणूनच येथे त्याची मात्रा किती लागू पडते, हे वेगळे मोजायला हवे.

मोजण्यासाठी यू-व्हॅल्यू नावाचा एक आकडा उपयोगी पडतो. एक चौरस मीटर क्षेत्रातून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता पलीकडे जाते, हे तो सांगतो. आकडा जितका लहान, तितके दार चांगले. एकेरी काचेच्या साध्या ॲल्युमिनियमच्या दाराचा हा आकडा सुमारे ६ असतो. थर्मल ब्रेक आणि दुहेरी काच असलेल्या दाराचा सुमारे २.५ धरता येतो. दीड इंच जाडीच्या भरीव सागवानी दाराचे गणित केले, तर तोही सुमारे २.५ च येतो. म्हणजे पणजोबांच्या सुताराने जे दार रंधा मारून तयार केले, त्याच्या बरोबरीला येण्यासाठी धातूला दोन तुकडे, एक पट्टी आणि दोन काचा लागतात.

आता उदाहरणादाखल एक दार घ्यावे : १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच, म्हणजे सुमारे अडीच चौरस मीटरचे. बाहेर ४२ अंश, आत वातानुकूलित २६ अंश, फरक १६ अंशांचा. साध्या आणि सुधारित दारांच्या आकड्यांतील फरक साडेतीन. यांचा गुणाकार केला की सुधारित दारामुळे सुमारे १४० वॅट उष्णता आत येण्याची थांबते. एसी एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो असे धरले, तर विजेची बचत ४७ वॅटच्या आसपास होते. दिवसाला १० तास आणि वर्षाला १०० दिवस एसी चालला, तर वर्षाची बचत ४७ युनिट. युनिटला १२ रुपये दर धरला, तर ५६४ रुपये.

साध्या दारापेक्षा हे दार ३०,००० रुपयांनी महाग पडते असे समजावे. बचतीतून तो जादा खर्च भरून निघायला ५३ वर्षे लागतील, तीही व्याज न धरता. व्याज धरले, तर हिशेब आणखी अवघड होतो. तेच ३०,००० रुपये ६ टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवले, तर वर्षाला १,८०० रुपये मिळतील; दाराच्या बचतीच्या तिपटीहून अधिक. भांडवली खर्चाची परतफेड या कसोटीवर कोणत्याही कर्जप्रस्तावाला अशी आकडेवारी घेऊन मंजुरी मिळणार नाही. दर, तास आणि किंमत प्रत्येक घरी निराळी असेल. पण आकडे दुप्पट केले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही.

याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा. एसीचे तापमान एका अंशाने वर ठेवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. वर्षाला १,२०० युनिट खाणाऱ्या एसीत ही बचत ७२ युनिटांची होते. तीस हजारांच्या दारापेक्षा रिमोटवरचे एक बटण अधिक वाचवते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

मग दाराचा विचार सोडून द्यावा काय? तसे नाही. दारातून येणारी उष्णता तीन वाटांनी येते आणि वर मोजली ती तिन्हींतील एकच वाट आहे. दुसरी वाट थेट उन्हाची. पश्चिमाभिमुख दारात दीड चौरस मीटर साधी काच असेल, तर मे महिन्याच्या दुपारी त्या काचेतून सहाशे वॅटच्या घरात उष्णता आत येऊ शकते. विजेची छोटी शेगडी दिवाणखान्यात पेटवून ठेवण्यासारखेच हे आहे. काळ्या रंगाची चौकट असेल, तर ती हात लावू नये इतकी तापते. दुहेरी काचेने ही उष्णता थोडीच कमी होते; ती थांबते सावलीने. यवतमाळ साधारण साडेवीस अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारी फारसे ऊन लागत नाही. खरा मारा सकाळी पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला आणि दिवसभर छतावर असतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, म्हणून तेथे दीड फुटाचा छज्जा पुरत नाही. खोल पोर्च, उभी जाळी, बांबूची चीक किंवा दारापुढचे एखादे झाड हाच उपाय. म्हणजे फिरून ओसरीच.

तिसरी वाट फटींची. दाराच्या चारही बाजूंना केवळ तीन मिलिमीटरची फट राहिली, तरी वरील मापाच्या दाराभोवती तिचे एकूण क्षेत्र सुमारे २०० चौरस सेंटीमीटर होते. चौदा सेंटीमीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा झरोक्याइतके ते भरते. भिंतीत एवढे भोक असते, तर घरातील कोणीही ते दुसऱ्या दिवशी बुजवले असते. दाराभोवती वाटून गेले म्हणून ते दिसत नाही. त्यातून उन्हाळ्यात झळा येतात, पावसाळ्यात ओल आणि किडे येतात, आणि कापसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ येते. चौकटीला रबराची पट्टी आणि दाराच्या तळाला ब्रशची पट्टी लावणे हा काहीशे रुपयांचा खर्च आहे. सागाच्या जुन्या दारालाही तो करता येतो.

म्हणून खर्चाचा क्रम लावायचा झाला, तर तो असा लागतो. पहिला पैसा छतावर, कारण शंभर चौरस मीटरचे तापलेले छत अडीच चौरस मीटरच्या दाराला कधीच जिंकू देणार नाही. साधा पांढरा लेपही तेथे मोठे काम करतो. दुसरा पैसा दारापुढच्या सावलीवर. तिसरा फटींवर. चौथा काचेवर. आणि थर्मल ब्रेकची पाळी सर्वांत शेवटी. बाजारात हा क्रम नेमका उलटा सांगितला जातो, कारण सावली विकत देणारे दुकान नसते.

केंद्र सरकारने १४ डिसेंबर २०१८ रोजी जाहीर केलेली इको-निवास संहिता याच दिशेने विचार करते. तिने एकट्या दाराला प्रमाणपत्र दिलेले नाही. भिंती, खिडक्या आणि दारे मिळून बाह्य आवरणातून किती उष्णता आत येते, याची मर्यादा तिने चौरस मीटरला १५ वॅट अशी घातली आणि छतासाठी वेगळी मर्यादा ठेवली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी ती लिहिली गेली. लहान भूखंडावरचे घर तिच्या कक्षेत येत नाही. पण तिच्यातील तत्त्व लहान घरालाही लागू आहे : घराचा हिशेब एकत्र मांडावा, सुटा नव्हे.

विदर्भाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि बाहेरून आलेल्या माहितीपत्रकांत ती सापडत नाही. येथील बहुसंख्य घरे आजही कूलरवर उन्हाळा काढतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून किंवा गवतातून आत ओढतो आणि गार करून सोडतो. त्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. दार-खिडक्या हवाबंद केल्या, तर तासाभरात खोली दमट होते, अंगाला चिकटा येतो आणि कूलर चालू असूनही जीव गुदमरतो. हवाबंद दार एसीच्या खोलीचा मित्र आहे, कूलरच्या खोलीचा वैरी. ज्या घरात खाली कूलर आणि वरच्या खोलीत एसी आहे, तेथे मुख्य दारावर मोठा खर्च करून साधणार काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

याहून गंभीर प्रसंग वीज गेल्यावर येतो. मे महिन्याच्या दुपारी वाऱ्या-वावटळीने तारा तुटल्या आणि चार-सहा तास वीज आली नाही, तर मोठ्या काचेचे, न उघडणाऱ्या खिडक्यांचे बंद घर झपाट्याने तापते. तरुण माणसे बाहेर पडतात. आजी-आजोबा घरातच असतात. उष्माघात केवळ शेतात होतो असे नाही, तो बंद खोलीतही होतो. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि शरीर तापल्याची सूचना उशिरा मिळते. घरातील सर्वांत अशक्त माणूस वीज नसताना या घरात कसा राहील, हा प्रश्न दाराच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर असायला हवा. विजेच्या बिलाचा क्रम त्यानंतरचा.

त्याचे उत्तर फारसे खर्चिक नाही. उन्हाळ्यातही येथे दिवसाच्या मानाने पहाटेचा पारा बारा-चौदा अंशांनी उतरतो. दिवसा बंद आणि रात्री उघडे, हा जुना नियम या फरकावरच उभा होता. रात्री दार उघडे ठेवणे आज सुरक्षिततेमुळे शक्य नाही, ही अडचण खरी आहे. पण मुख्य दाराबाहेर भक्कम जाळीचे दुसरे दार बसवले, त्याला चांगले कुलूप लावले, तर आतले दार उघडे ठेवून रात्रीची हवा घरात घेता येते. येथे ॲल्युमिनियम खरोखर उपयोगी पडते, कारण जाळीच्या दाराची चौकट हलकी, न गंजणारी आणि पावसात न फुगणारी हवी. पावसाळ्याच्या संध्याकाळी दिव्यावर झेपावणारे असंख्य लहान जीव या जाळीबाहेर राहतात आणि दिव्याखाली त्यांचा नाश होत नाही. ज्या घरांत जयणेचा संस्कार आहे, तेथे या लाभाला रुपयांत मांडण्याची गरज पडणार नाही.

ॲल्युमिनियमच्या जमेच्या बाजूला आणखीही काही रकमा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे लिहिल्या पाहिजेत. या धातूला वाळवी लागत नाही, म्हणून वाळवीवर विषारी फवारणी करण्याचा प्रसंग येत नाही. पावसाळ्यात दार फुगून अडकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश लागत नाही. पूर्ण वाढीचा साग तयार व्हायला काही दशके लागतात, त्याचे एक झाड उभे राहते. आणि दाराचे आयुष्य संपले, तरी धातूचे संपत नाही. भंगाराचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सांगायला नको. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरायला, नवे तयार करण्याच्या मानाने, सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

याच वाक्याची दुसरी बाजू नावेच्या रकान्यात जाते. नवे ॲल्युमिनियम तयार करायला किलोमागे सुमारे १४ ते १५ युनिट वीज लागते. शाबूत असलेले जुने दार काढून त्या जागी नव्या धातूचे तीस किलोचे दार बसवले, तर सुमारे ४३५ युनिट वीज घराच्या मीटरवर न दिसता खर्च झालेली असते. वर्षाला ४७ युनिट वाचवणाऱ्या दाराला ते कर्ज फेडायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. कोरबा, रेणुकूट, अंगुल येथील ॲल्युमिनियमच्या भट्ट्या मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालतात, आणि वणी परिसरातील खाणी पाहिलेल्या माणसाला कोळसा म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शाबूत दार ठेवणे, त्याच्या फटी बुजवणे आणि त्यापुढे सावली करणे ही म्हणून केवळ काटकसर नसून खरी ऊर्जाबचत आहे.

नवे घरच बांधायचे असेल आणि ॲल्युमिनियमचेच दार बसवायचे ठरले असेल, तर खरेदी तरी व्यापाऱ्यासारखी करावी. दुकानदाराकडे चौकटीचा कापलेला तुकडा मागावा. त्याच्या छेदात आतला आणि बाहेरचा धातू एकमेकांना कोठेही न भिडता मधल्या पट्टीने जोडलेला दिसला पाहिजे. पट्टी नुसती वरून चिकटवलेली नसावी. ती पट्टी पॉलिअमाइडची आहे की पीव्हीसीची, हे विचारावे. पीव्हीसी उन्हात मऊ पडते आणि धातूच्या मानाने अधिक प्रसरण पावते, त्यामुळे जोड सैल होतो. धातूच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि यू-व्हॅल्यू चौकटीसह संपूर्ण दाराची मागावी, केवळ काचेची नव्हे. काच लॅमिनेटेड घेतल्यास ती फुटली तरी जागेवरच राहते, चोराला वाट मिळत नाही आणि लहान मुलांनाही इजा कमी होते. रंग फिका निवडावा. उंबरठा इतकाच ठेवावा की पाऊस अडेल पण वृद्धांचा पाय अडखळणार नाही. आणि ही सगळी माहिती बिलावर यावी; तोंडी सांगितलेली ऊर्जाबचत हमीपत्रात उतरत नाही.

इतका हिशेब मांडल्यावर एक गोष्ट शिल्लक राहते, जिला रकाना नाही. उत्तम दर्जाचे, हवाबंद, ध्वनिरोधक दार आपले काम चोख करते तेव्हा रस्त्याचा आवाज थांबतो. त्याबरोबर शेजाऱ्याची हाकही थांबते. ओट्यावर बसलेला कास्तकार, दाराशी थांबलेला पोस्टमन, उन्हात आलेला हमाल यांना दारातील छोट्या कॅमेऱ्यातून पाहिले जाते. भगवती सूत्रात तुंगिया नगरीच्या श्रावकांचे वर्णन आले आहे, आणि त्यांची दारे उघडी असत, हा त्यांचा गुण म्हणून नोंदवला आहे. संपत्तीमुळे त्यांना काही भय नव्हते असे नाही. तरीही येणाऱ्यासाठी, याचकासाठी, साधूसाठी दार उघडे असणे हे त्यांच्या गृहस्थधर्माचे लक्षण मानले गेले. आजच्या काळात दाराला कुलूप असणे अपरिहार्य आहे, पण दार केव्हा बंद करायचे याबरोबरच केव्हा उघडायचे हेही घराने ठरवायचे असते.

दिवसाच्या झळा आत येऊ नयेत आणि रात्रीचा वारा यावा, किडे बाहेर राहावेत आणि माणसे आत यावीत, वीज असताना ते किफायतशीर असावे आणि वीज नसताना घातक ठरू नये, इतके ज्या दाराला साधते, ते सागाचे असो की ॲल्युमिनियमचे, त्याच्यावरील खर्च सत्कारणी लागला असे समजावे. जिल्ह्यात ज्या घरांचे पाये यंदा भरले जात आहेत, त्यांच्या नकाशावर दाराच्या जागी आज केवळ एक पाव वर्तुळ काढलेले असेल. त्याच्यापुढे आठ फूट ओसरीची रेघ ओढायला अजून वेळ गेलेली नाही. स्लॅब पडल्यानंतर मात्र ती रेघ महाग पडते.